हात माझे, तोंड तिचं

माझ्या मोठ्या जावेला फुंकणी धरता येत नाही. रागाने सांगत नाही, डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. एका गणपतीत तिने चूल पेटवायला फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकायच्या ऐवजी श्वास आत ओढला. सगळा धूर पोटात! दिवसभर खोकत बसली होती आणि मी तिला आल्याचा काढा करून देत होते. लग्न होऊन या घरात आली आणि वर्षभरात ठाण्याला गेली, तिला चुलीचं कोण शिकवणार? तसा तिचा दोष नाही. पण हीच बाई आज जगाला चुलीवरची भाकरी शिकवते आणि जग शिकतं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तिचं मोबाइलवर चॅनेल आहे. गावचं जेवण दाखवते. त्यात आमचं घर आहे, आमची चूल आहे, मागचं परसू आहे, आमची म्हैससुद्धा आहे. फक्त मी नाही. म्हणजे आहे, पण कोपरापर्यंत.

जळते का मी? जळते. उगाच खोटं कशाला बोलू?

आमचं गाव पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना रस्ता सोडून आत. नवरा महाडच्या एमआयडीसीत, शिफ्टला मोटरसायकलने जातो. मुलगी तिथेच एका कारखान्याच्या ऑफिसात, ती कंपनीच्या बसने. म्हणजे दिवसभर घरात मी, म्हैस आणि कोंबड्या. मोठे दीर आणि जाऊ ठाण्यात. वर्षातून दोनदा येतात, मे महिन्यात आंब्याला आणि भाद्रपदात गणपतीला. घर दोघा भावांचं, चूल माझी, अशी आमची आजवरची रीत.

एका मे महिन्यात ती आली ती मोबाइलचा तीन पायांचा स्टँड घेऊन आली. मी मागच्या पडवीत भाकऱ्या थापत होते. म्हणाली, "थांब गं, जरा काढते. सहज, टाइमपास." मी म्हटलं काढा. मला काय माहीत, त्या टाइमपासात माझी भाकरी जाणार आहे! तिने फोन माझ्या हातांवर लावला आणि स्वतः बाजूला उभी राहून बोलायला लागली. "बघा मंडळी, तांदळाच्या पिठाची अशी उकड काढायची, अशी मळायची, पाण्याचा हात लावून अशी थापायची." मी करत होते तसं ती सांगत होती. क्रिकेटची मॅच कुणी खेळायची आणि कुणी रेडिओवर ओरडायचं, त्यातला प्रकार. शेवटी भाकरी फुगली तेव्हा तिने फोन आपल्या तोंडाकडे फिरवला, भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि डोळे मिटून म्हणाली, "अहाहा! गावची चव."

तो व्हिडिओ चालला. कसा चालला, कुणास ठाऊक. मग दर सुट्टीत तिने दहा-बारा व्हिडिओ काढून न्यायचे आणि ठाण्यात बसून वर्षभर एकेक करून सोडायचे असं सुरू झालं. आम्ही गवत कापून साठवतो आणि वर्षभर म्हशीला घालतो ना, तसंच. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, सुकटीची चटणी, सगळं माझ्याकडून करून नेलं. तिला पुढे पुढे जोर आला. मला म्हणाली, मॅक्सीवर बसू नको, बाही दिसते, लुगडं नेस. आता मी घरात मॅक्सीच घालते, गावातल्या सगळ्या बायका मॅक्सीच घालतात, लुगडं नेसून चुलीपुढे कोण बसतं? तरी नेसले. मग तिने ठाण्याहून हिरव्या बांगड्या आणल्या आणि माझ्या हातात चढवल्या, हात गावचे वाटावेत म्हणून. माझेच हात, गावचेच, तरी ते गावचे वाटत नव्हते! गॅसची शेगडी आणि सिलिंडर गोणपाटाखाली झाकायचा. फ्रिजवर चादर टाकायची. बघणाऱ्याला वाटावं, या घरात अजून वीजच आलेली नाही.

सगळ्यांत जास्त झोंबलं ते तिचं बोलणं. मी नवी नवरी असताना "नाय" म्हटलं की ही चारचौघांत टोकायची, "नाही म्हण गं, नाही." मी लाजेने मान खाली घालायची. आणि आता व्हिडिओची सुरुवातच कशी करते? "कसं हाय समदं?" समदं! अगं बाई, समदं घाटावरचे लोक म्हणतात, आपल्याकडे म्हणतं का कुणी? माझी भाकरी घेतलीस, चूल घेतलीस, भाषा घेतलीस ती पण चुकीची घेतलीस.

पोलादपूरला स्टँडजवळ मी भाजी घेत होते. एक नटलेली बाई जवळ आली, महाडहून आलेली असावी. म्हणाली, "तुम्ही त्या व्हिडिओवाल्या ताईंच्या जाऊ ना? ही भाजीवाली सांगत होती. काय सुंदर भाकरी करतात हो त्या!" "हो, करतात," म्हटलं. मेथीची जुडी घ्यायची राहिली आणि तशीच घरी आले. करून गेला गाव आणि कांदेकराचं नाव, म्हणतात ते खोटं नाही. इतकी वर्षं या घरात काढल्यावर माझी ओळख काय, तर तिची जाऊ.

मुलीच्या मागे लागून मी माझ्या फोनवर ते चॅनेल लावून घेतलं. तिने मला खातं उघडून दिलं, त्याला जास्वंदीचा फोटो लावला. नाव काहीतरी फोननेच दिलेलं, अक्षरं आणि आकडे. मी म्हटलं असू दे, कुणाला कळायला नको. दुपारी अंगणात कैरीच्या फोडी आंबोशीला वाळत घातल्या की राखायला बसावं लागतं, नाहीतर कावळे नेतात. तिथे बसून मी खालच्या कमेंटी वाचायची. व्हिडिओ नाही, कमेंटी. व्हिडिओत मला काय नवीन?

काय एकेक लिहायच्या! "ताई, तुमच्या हाताला चव आहे, इथून कळतं." "ताई, तुमचे हात बघून माझ्या आईची आठवण आली." आणि ही खाली हात जोडल्याचं चित्र टाकायची. हात माझे आणि जोडते ही! त्या हातावर तव्याचा चटका आहे तो कुणाचा? अंगठ्याजवळ विळीचा वण आहे तो कुणाचा? दुसऱ्याच्या ताटातल्या घासाला मी कधी नजर लावली नाही, पण माझ्याच ताटातला घास दुसऱ्याच्या तोंडात जाताना बघत बसायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

पण खरं सांगायचं तर वाचता वाचता मला त्या बायकांचा लळा लागला. एक दुबईतून लिहायची, तिथे घरात धूर झाला की घंटा वाजते म्हणून चुलीचा नुसता आवाज ऐकायला येते म्हणायची. एकीचं सासूशी पटत नव्हतं, ती बिरड्याच्या व्हिडिओखाली घरचं रडगाणं लिहायची आणि बाकीच्या तिला धीर द्यायच्या. कोण कुठली, ना जात माहीत ना गाव. इथे आळीत बांधाच्या भांडणावरून समोरच्या घराशी बोलणं टाकतात, हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. आणि तिथे अनोळखी बाईला म्हणतात, रडू नको गं, मी आहे. मला नवल वाटायचं. त्यांनी एवढं मन उघडं करायचं ते कुणापुढे, तर माझ्या जावेपुढे, जिने माझ्या बाळंतपणात ठाण्याहून नुसता फोन केला होता. याचं पोटात दुखायचं.

एकदा एकीने विचारलं की माझी तांदळाची भाकरी कडेला फाटते, काय करू? जाऊ काय सांगणार, कप्पाळ! मीच जास्वंदीच्या नावाने लिहिलं, उकड गरम असतानाच मळ, निवू देऊ नको, आणि थापताना कडेला बोटं जड पडू देऊ नको. दोन दिवसांनी त्या बाईने लिहिलं, जमली. आणि खाली आभार कुणाचे? "धन्यवाद ताई, तुमच्या चॅनेलमुळे शिकले." ताई म्हणजे माझी जाऊ. मी फोन आंबोशीत टाकला.

मग ती कमेंट आली. घावण्यांचा व्हिडिओ होता. कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, तुमच्याकडे कामाला असलेल्या बाईचा हात काय सफाईदार आहे. नशीबवान आहात, अशी कामवाली मिळत नाही आजकाल."

आणि त्याच्या खाली लाल बदाम. चॅनेल ज्याचं असतं त्यालाच तो बदाम देता येतो, हे मला मुलीने आधीच सांगितलेलं होतं. म्हणजे माझ्या जावेने तो दिलेला. कामवाली म्हटलं, आणि हिने बदाम दिला.

घावणा तव्यावर करपतो तसा माझा जीव करपला. मुलगी कामावरून आली तेव्हा मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "अगं आई, ती वाचत नाय. सगळ्यांना देत सुटते, वरपासून खालपर्यंत. असं केलं की चॅनेल वाढतं." नवरा म्हणाला, "तू पण ना! बदामाचं काय घेऊन बसलीस?" यांना काय जातंय बोलायला? यांच्या हातांना कुणी कामवाली म्हटलेलं नव्हतं. वाचून दिला असेल तर ती मला कामवाली समजते, आणि न वाचता दिला असेल तर मी इतकी बिनमहत्त्वाची आहे की वाचायचीही गरज नाही. दोन्हीतलं बरं कुठलं, सांगा.

मला काही चॅनेल नको होतं, नाव नको होतं. एकदा, फक्त एकदा तिने सगळ्यांपुढे म्हणावं की हे हात माझ्या जावेचे आहेत. एवढंच. आणि हे मी मागणार नव्हते. मागून मिळालं तर त्याला काय किंमत?

मध्यंतरी ईर्षेला पेटून मी स्वतःचा व्हिडिओ करून बघितला. मुलीने फोन धरला, मी चुलीपुढे बसले, तोंड दाखवून. हात नेहमीसारखे चालले. तोंड मात्र उघडेना. आता मी गप्प बसणाऱ्यातली नाही, गावात कुणालाही विचारा. पण समोर माणूस नाही, नुसता काळा गोल डोळा, त्याला काय सांगायचं? "ही भाकरी," म्हटलं आणि पुढे शब्दच नाही. मुलगी हसू दाबत होती. मी म्हटलं, काढून टाक ते. त्या दिवशी आणखी जळले. कारण कळलं, की बोलणं हेही काम आहे आणि ते मेलीला येतं.

गणपती आले. घर भरलं. आल्या आल्या जाऊ म्हणाली, या वेळी गौरीपूजनाचं लाइव्ह करायचं, जसं घडतं तसं थेट. तिची बघणारी माणसं वाट बघतायत. मी ठरवूनच ठेवलं होतं. म्हटलं, "ताई, मला यंदा व्हिडिओत घेऊ नका."

ती सरळ मनाने हसली आणि म्हणाली, "अगं, तू कुठे असतेस व्हिडिओत? हातच तर असतात."

मी नारळ खवायला घेतला. सणाच्या दिवसात घरात वाद नको.

आता आमच्या गौरीचं सांगायला हवं. आमची गौर तेरड्याच्या झाडांची, साडी नेसवून बसवलेली. आमच्याकडे पूजनाच्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे मटण आणि वडे. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. गणपती मात्र तिखट खात नाही, म्हणून नैवेद्य दाखवताना घरातला पुरुष गणपतीच्या पुढे पडदा धरून उभा राहतो. देवालाही आवडनिवड आहे, आणि एका घरात दोघांची दोन ताटं असू शकतात, हे आमच्याकडे लहान पोराला कळतं. पण माझ्या जावेच्या चॅनेलवर काय? तिथे तिने पहिल्यापासून मटणमासळी वर्ज्य केलेली. सुकटीची चटणीसुद्धा एकदा टाकली आणि ओरड झाल्यावर काढून टाकली. बघणाऱ्यांतल्या पुष्कळ बायका घाटावरच्या, गौरीला पुरणपोळी घालणाऱ्या. त्यांना ही आपली गावची सोज्वळ ताई.

सकाळी ओटीवर तिचं लाइव्ह सुरू झालं. आमच्या घरात नेटवर्क ओटीच्या खिडकीपाशीच येतं, आणि तेही येतं-जातं. डोंगर मध्ये आहेत ना. तिने फोन खिडकीत स्टँडवर लावला, गौर आणि गणपती दोन्ही दिसतील असा. पैठणी नेसून बोलत होती. सजावट दाखवली, तेरडा दाखवला, आणि फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. "गेलं मेलं नेटवर्क!" म्हणाली. थोडी थांबली, मग कंटाळून चहा प्यायला आत आली. फोन तसाच उभा.

मी मागे मटणात वाटण घालत होते. माझं काम आपलं चाललेलं. वडे तळून झाले, ताट वाढलं. मटण, वडे, भाकरी, कांदा, लिंबाची फोड. ताट घेऊन ओटीवर आले. नवऱ्याने गणपतीपुढे पडदा धरला. मी गौरीपुढे ताट ठेवलं, पाणी फिरवलं. तेवढ्यात जाऊ चहाचा कप घेऊन बाहेर आली, नाक वर करून वास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "काय वास सुटलाय गं! मला नळी ठेव हं, मागच्या वर्षी भावजींनी खाल्ली."

आणि फोनमधून टिंग टिंग टिंग टिंग.

नेटवर्क कधीच परत आलं होतं. पडदा, ताट, मटण, नळी, सगळं थेट गेलं होतं. जावेने फोनमध्ये वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मी पण मागून बघितलं. एकामागोमाग एक नुसत्या धावत होत्या कमेंटी. "गौराईपुढे मटण? शी!" "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." "आम्ही तुम्हाला काय समजत होतो." "लाज वाटली पाहिजे." ज्या बायका एकमेकींना रडू नको म्हणायच्या, त्याच या. एका ताटाने सगळं विसरल्या.

जाऊ घाबरली. तिने फोनपुढे हात जोडले, खरेखुरे, स्वतःचे, आणि काकुळतीने म्हणाली, "अहो, माफ करा. हे मी केलेलं नाही. माझ्या धाकट्या जावेने केलंय. सगळं तिच्या हातचं आहे. भाकऱ्या, स्वयंपाक, सगळं तीच करते."

झालं! जे वाक्य ऐकायला मी जीव टाकत होते, ते आलं. आलं कधी, तर शिव्या पडायला लागल्या तेव्हा. कौतुक होतं तेव्हा हात तिचे, आणि थुंकायची वेळ आली तेव्हा हात माझे!

त्या काळ्या डोळ्यापुढे मागे माझं तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं. मी तिला बाजूला सारलं आणि फोनपुढे उभी राहिले. मॅक्सीवर. कमरेला पदर खोचायला पदरही नव्हता.

"हो, माझ्या हातचं हाय!" मी म्हटलं. "त्यात लपवायचं काय? गौर म्हणजे माहेरवाशीण. वर्षातून एकदा माहेरी आलेल्या लेकीला तुम्ही काय नुसता वरणभात वाढून वाटेला लावता काय? तिला काय आवडतं ते करतात. आमच्या लेकीला तिखट आवडतं. तुमचीला पुरणपोळी आवडत असंल तर तिला ती घाला, दोन जास्त घाला, मी आडवी येणार नाय. तुमच्या गौरीच्या ताटात मी कधी डोकावले काय? मग आमच्या गौरीच्या ताटात तुम्ही बोट कशाला घालता? आणि दोन वर्षं ज्या हाताला चव हाय, चव हाय म्हणत होतात ना, तो हात ह्यो. नीट बघा. भाकरी करताना चालला, मटण करताना नाय चालत काय?"

आणि दोन्ही हात फोनपुढे धरले. वाटणाने पिवळे झालेले. तेवढ्यात नेटवर्क गेलं.

नवरा पडदा धरून तसाच उभा. मी म्हटलं, "आता खाली ठेवा तो, गौर जेवली."

जाऊ आतल्या खोलीत जाऊन रडली. माझं सगळं गेलं म्हणाली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. जास्त नाही. दुपारी पान वाढताना नळी मात्र तिच्याच ताटात घातली. तिने मुकाट्याने चोखली.

पण गेलं कुठे काय! संध्याकाळपासून दुसरीच झुंड आली. माणगावच्या, खेडच्या, चिपळूणच्या, कुठल्या कुठल्या बायका. "आमच्याकडे पण तिखटाची गौर." "आम्ही पण पडदा धरतो." "आजपर्यंत सांगायला लाज वाटत होती, आज वाटली नाही." घाटावरच्यांची आणि कोकणातल्यांची अशी जुंपली, की आमच्या आळीतलं बांधाचं भांडण त्यापुढे काहीच नाही. आणि जसजशा भांडल्या तसतसं चॅनेल वाढलं. विसर्जनाच्या दिवशी जाऊ पुन्हा नटून नाचत होती. ठाण्याला निघताना गाडीत तांदूळ भरले, नारळ भरले, आमसुलं भरली, मला म्हणाली, "येते गं." झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. भांडले मी आणि पीक आलं तिच्या शेतात! गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी तिने न घासलेली पातेली घासायला बसले.

पुढे कुणीतरी त्या लाइव्हमधला माझ्या बोलण्याचा तेवढा तुकडा कापला. जावेचं आधीचं वाक्य त्यात नाही, नुसती मी मॅक्सीवर हातवारे करताना. तो फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवरही आला. जावेने मग तोच तुकडा आपल्या चॅनेलवर लावला. मी नेहमीप्रमाणे खाली वाचायला गेले. पहिल्याच काही कमेंटींत एक होती. "ताई, तुमची ती कामवाली भारी बोलली! अशी एखादी आम्हालाही बघून द्या."

खाली लाल बदाम.

या वेळी जीव करपला नाही, शुद्ध संताप आला. मी चष्मा लावला, जास्वंदीच्या खात्यातून लिहायला घेतलं, आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं. "त्या कामवाली नाहीत, त्या घरच्या मालकीण आहेत. कामवाल्या या व्हिडिओवाल्या बाई. वर्षातून दोनदा कामाला येतात, चार दिवस राहतात आणि भांडी न घासता जातात." पाठवून दिलं आणि म्हशीचं दूध काढायला गेले. माझा राग म्हशीलाही कळला, हलत होती.

दुसऱ्या दिवशी मुलगीच फोन घेऊन आली. माझ्या कमेंटखाली बदाम होता. मी म्हटलं, त्यात काय, न वाचता दिला असणार. ती म्हणाली, "बदामाचं सोड गो आई. हे बघ. तिने तुझी कमेंट पिन केलीय." म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, सगळ्यांच्या वर अडकवून ठेवलीय, जो कुणी येईल त्याला आधी हीच दिसणार. "आणि पिन एकच करता येते. ती वाचल्याशिवाय कुणी करत नाय."

मी परत वाचली. सगळ्यांत वर, माझे शब्द. त्या घरच्या मालकीण आहेत. जगापुढे. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तेही न मागता. बरं वाटलं, नाही म्हणत नाही.

मग त्याखालची उत्तरं वाचली. हसण्याच्या चित्रांचा ढीग. आणि बायका लिहीत होत्या, "स्वतःवरची टीका वर लावली! ताई, किती मोठ्या मनाच्या हो तुम्ही!" "असा मोठेपणा हवा." "शिकावं तर ताईंकडून."

डोंबलाचा मोठेपणा! हात माझे, भांडण माझं, कमेंटसुद्धा माझी, आणि मन मोठं तिचं!

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. मी नुसतं "हं" म्हटलं. ती म्हणाली, "काय मालकीणबाई, भांडी घासायला कधी येऊ?"

"तुम्हाला कसं कळलं मी लिहिलं ते?"

"अगं, मी भांडी घासत नाही हे जगात तुझ्याशिवाय माहितीये कुणाला?" म्हणाली आणि हसली. मग हसणं थांबलं. म्हणाली, "ते कामवालीचं मी खरंच वाचलं नव्हतं गं. दोन्ही वेळा. मोजून शिव्या घाल."

मी घातल्या नाहीत. तोंडाशी आलेल्या, पण तिच्या तोंडाच्या गोडव्यापुढे माझ्या शिव्यांनाही जागा मिळेना, त्याचाही राग आला. म्हटलं, "मे महिन्यात या. पण या खेपेला फोन माझ्या तोंडावर लावायचा, आणि पीठ तुम्ही मळायचं."

ती म्हणाली, "अगं पण मला भाकरी कुठे येते?"

"तेच तर लोकांना दाखवायचंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.